थोरलीच्या तोंडावरचा डाग

मी एक डाग बोलतोय. थांबा, लगेच नाक मुरडू नका. डाग म्हटलं की माणसांचा हात आपोआप फडक्याकडे जातो, हे मला चांगलं ठाऊक आहे. लिंबू चोळा, मीठ लावा, उन्हात टाका, माझ्या जातभाईंवर काय काय प्रयोग होतात ते मी ऐकून आहे. पण मी कपड्यावरचा डाग नव्हे. मी फोटोच्या फिल्मवर जन्मलो, तिच्यावरच म्हातारा झालो आणि तिच्यावरूनच धुऊन निघालो. आता तुम्ही म्हणाल, धुऊन निघालास तर बोलतोयस कुठून? सांगतो. जरा दम धरा.

दागिन्यांना लोक कौतुकाने 'डागडागिने' म्हणतात, तेव्हा मला उगीचच बरं वाटतं. तेवढाच आमच्या घराण्याला मान.

माझा जन्म एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत झाला. पुढे दुकान, मग पडदा, पडद्याआड फोटो काढायची जागा आणि त्याच्याही मागे ही अंधारी खोली. खिडकीच्या काचांना काळा रंग फासलेला, दाराच्या फटीला जाड कापड ठोकलेलं, छताला एक लाल दिवा. भिंतीशी सिमेंटचं लांबलचक बेसिन आणि त्यावर औषधांचे ट्रे ओळीने मांडलेले. बेसिनच्या वर आडवी दोरी, तिला लाकडी चिमटे. नव्या माणसाला तिथल्या वासाने शिंका यायच्या. माझं मात्र ते माहेर.

स्टुडिओच्या मालकांना सगळे 'फोटोवाले' म्हणत. मी त्यांना बाप म्हणतो, कारण मी त्यांच्या उजव्या अंगठ्याचा. अगदी रेघ न् रेघ त्यांची.

बाप कामाला फार चोख. कमरेला पांढरा टॉवेल खोचलेला असायचा. फिल्म आधी डेव्हलपरमध्ये जाते, तिथे चित्र उमटतं. मग हायपोत जाते, तिथे ते पक्कं होतं. एका औषधाचा हात दुसऱ्या औषधाला लागता कामा नये आणि ओला हात फिल्मला तर मुळीच नाही, हा त्यांचा कायदा होता. बोट बुडालं की धुवायचं, टॉवेलला पुसायचं, मगच पुढचं काम. त्यांची बायको हसायची. "जेवायच्या आधी इतके हात धुतलेत का हो कधी?" म्हणायची. तेव्हा ती त्या खोलीत ये-जा करायची. लाल दिव्याखाली बसून शेंगा सोलायची आणि गप्पा मारायची.

अशा हातून मी जन्मलो, म्हणजे बघा.

त्यांची पहिली मुलगी, थोरली, तेव्हा नुकती बसायला लागली होती. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बायको तिला घेऊन आली. बापाने दोघींना खुर्चीवर बसवलं. थोरली आईच्या मांडीवर, आईकडे पाठ करून, समोर कॅमेऱ्याकडे तोंड. दोन मोठे दिवे लागले. बाप काळ्या कापडात डोकं घालून बघत राहिला, मग बाहेर येऊन खुळखुळा वाजवला आणि बटण दाबलं.

दाबलं आणि कपाळावर हात मारला. "हा फुकट गेला. उद्या पुन्हा काढू."

"का हो? काय झालं?" बायकोने विचारलं. पण तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली. कुणाला तरी अर्जावर चिकटवायला फोटो हवा होता, तोही ताबडतोब. बाप तिकडे धावला. थोरली रडायला लागली, तिला घेऊन बायको घरी गेली. प्रश्न तिथेच राहिला.

फुकट गेलेली फिल्म कुणी धुवत नाही. पण बापाला अर्धवट सोडलेल्या कामाची चीड होती. इतर फिल्मांबरोबर त्याने तीही धुतली. सगळं नीट झालं. शेवटची तीच टांगायची राहिली होती आणि बाहेरून आवाज आला, "अहो, आहे का कुणी?" बाप एका हाताने जुना डेव्हलपर ओतून टाकत होता. चहासारखा तपकिरी झालेला, निकामी डेव्हलपर. अंगठा त्यात बुडाला. एरवी बापाने तो तीन पाण्यांनी धुतला असता. पण फुकट गेलेल्या फिल्मला कोण जपतो? त्याच अंगठ्याने त्याने ती उचलली, चिमट्याला लावली आणि "आलो, आलो" करत बाहेर गेला.

तळहाताएवढी फिल्म ती. आई, खुर्ची, मागचा पडदा, केवढी तरी जागा होती. पण अंगठा टेकला तो नेमका थोरलीच्या तोंडावर. मी काही जागा निवडून जन्माला आलो नाही, बरं का. माणसं तरी कुठे निवडतात?

संध्याकाळपर्यंत मी पिवळा होतो. सकाळी चांगला तपकिरी, दाट झालो. बापाने मला उजेडासमोर धरलं, जिभेने 'च्' केलं आणि म्हणाला, "जाऊ दे. पुन्हा काढायचाच आहे." मग फिल्म पाकिटात घालून पत्र्याच्या डब्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी एक दिवा बिघडला. मग थोरलीला ताप आला. साधाच वाटला होता. औषधं झाली, डॉक्टर घरी येऊन गेले, ओल्या पट्ट्या झाल्या. ताप उतरला तो तिला घेऊनच. फोटो पुन्हा काढायचा राहून गेला.

घरात थोरलीचा दुसरा एकही फोटो नव्हता. फोटोवाल्याच्या घरात! लोकांना खोटं वाटेल, पण स्वयंपाक्याच्या घरी चूल उशिरा पेटते, तसंच ते.

काही दिवसांनी आई दुकानात आली. आता मी तिला आईच म्हणणार, तुम्हीही म्हणा. ती म्हणाली, "तो काढलेला दाखवा."

"तो चांगला आला नाही," बाप म्हणाला.

"जसा असेल तसा दाखवा."

बापाने कागदावर फोटो छापला. फिल्मवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. मी फिल्मवर तपकिरी, त्यामुळे माझ्यातून उजेड पलीकडे जाईना आणि कागदावर माझ्या जागी पांढरा धब्बा आला. बापाने कमी उजेड देऊन पाहिला, जास्त देऊन पाहिला, फक्त तेवढ्याच जागेला जादा उजेड देऊन पाहिला. मी हटलो नाही. मला हटताच येत नाही हो.

शेवटी तो कागद आईच्या हातात पडला. तिने तो बाहेर खिडकीशी नेला. त्यात ती स्वतः होती, हसरी. मांडीवर झबलं होतं, दोन इवल्या मुठी होत्या, पायात मोजे होते, त्यातला एक निसटत आलेला. आणि तोंडाच्या जागी मी.

"हे काय आहे?"

"डाग."

"कसला?"

बापाने नुसता उजवा अंगठा पुढे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आई त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"अख्खी फिल्म मोकळी पडली होती," ती म्हणाली. "तिच्या तोंडावरच ठेवायचा होता?" आणि जाता जाता म्हणाली, "म्हणे फुकट गेला."

त्यानंतर तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. भांडण म्हणाल तर झालं नाही. संसार झाला, चांगला झाला. दुसरी मुलगी झाली, ती धाकटी. हसणं-खिदळणं, रुसवेफुगवे, सगळं जगासारखं. फक्त चहा द्यायचा झाला की आई पडद्यापाशी उभी राहून हाक मारायची आणि कप स्टुलावर ठेवून परत जायची. शेंगा सोलायच्या त्या घरीच सोलायची.

मी डब्यात होतो. अंधाराची मला सवय, पण कंटाळा यायचाच. मधूनच झाकण निघायचं आणि बाप मला लाल दिव्यासमोर धरायचा. भिंग लावून बघायचा. मला वाटायचं, हा बघतोय मला. पण तो बघत होता माझ्याखाली. एका बाजूने थोडा कान दिसायचा, खालून हनुवटीची कड. बाकी मी काही दिसू दिलं नाही. माझ्याखाली काय आहे ते मला ठाऊक होतं आणि बापाला. बटण दाबताना त्याने ते समोर पाहिलं होतं ना.

आता तुम्ही विचाराल, एवढा मोठा कारागीर, त्याला एक डाग काढता येईना? येत होता. हेच तर सांगायचंय.

माझ्यासारख्या डागावर एक औषध आहे. परमँगनेटचे जांभळे खडे पाण्यात विरघळवायचे, त्यात मीठ आणि चार थेंब तेजाब. फिल्म त्यात बुडवली की डाग जातो. पण एकटा जात नाही. त्याच्याबरोबर सगळं चित्रसुद्धा जातं. फिल्म दुधट, कोरी दिसायला लागते. मग दुसऱ्या पाण्यातून काढून, चांगल्या उजेडात, पुन्हा डेव्हलपरमध्ये घालायची, की चित्र परत येतं. यायला हवं. घरात उंदीर शिरला म्हणून घर पाडायचं आणि पुन्हा बांधायचं, असला हा प्रकार. औषध जोरकस झालं, फिल्मवरचा थर सुटला, पाणी गरम निघालं, तर डागही गेला आणि चित्रही गेलं.

बापाने ते औषध माझ्यासाठी किती वेळा तरी कालवलं. ते बाटलीत भरून ठेवता येत नाही, केलं की वापरायचं नाहीतर ओतायचं. जांभळं पाणी तयार व्हायचं, मी चिमट्यात धरलेला असायचो, ट्रेच्या काठापर्यंत यायचो. बाप तिथेच थांबायचा. आणि मग तो मला पाकिटात घालून औषध ओतून द्यायचा. माझा जीव वाचायचा खरा, पण मलाच त्याची दया यायची.

दुसऱ्यांचे डाग मात्र त्याने बेधडक काढले. कुणाच्या लग्नाचा फोटो, कुणाच्या गेलेल्या वडिलांचा एकुलता एक, कुणाच्या शाळेचा वर्गच्या वर्ग. माझे केवढे भाऊबंद त्या बेसिनमधून वाहून गेले. धाकटी मोठी झाली, तिने हेच काम उचललं आणि हात बापाइतकाच चोख केला. लोक म्हणायचे, पोरगी बापाच्या वरताण निघणार.

एकदा तिने सरळ विचारलं, "बाबा, सगळ्यांचे काढता. मग आपला का नाही?"

बाप टॉवेलला हात पुसत राहिला. "दुसऱ्याचा बिघडला तर त्याची माफी मागता येते गं," तो म्हणाला. "हा बिघडला तर कुणाची मागू? तुझ्या आईने पहिल्याचीच अजून दिलेली नाही."

"आईला सांगा तरी, का भीती वाटते ते."

"ती विचारत नाही."

दोघंही शहाणी. तो म्हणे ती विचारत नाही आणि ती म्हणे हे सांगत नाहीत. मधे मी, ना बोलता येत ना हलता येत.

एके दिवशी बाप गेला. वय झालं होतं, फार हाल झाले नाहीत. दुकान धाकटीकडे आलं. आता फोटो काढून घ्यायला फारसं कुणी येत नाही, खिशातल्या फोनमध्ये सगळ्यांचं भागतं. पण जुन्या फिल्मा घेऊन लोक येतात. माळा साफ करताना सापडलेल्या, बुरशी धरलेल्या, पिवळ्या पडलेल्या. धाकटी त्या धुते, सावरते, छापून देते. बापाचा टॉवेल अजून त्याच खिळ्याला आहे. ती स्वतःचा वेगळा वापरते.

आणि एका दुपारी आई दुकानात आली. गुडघे धरून, हळूहळू. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. म्हणाली, "मला तिचं तोंड बघायचंय."

धाकटीला विचारावं लागलं नाही, कुणाचं.

"मला आठवत नाही गं ती," आई म्हणाली. "आधी आठवायची. आता डोळे मिटून आठवायला गेलं, की झबलं आठवतं, मोजा आठवतो, आणि तोंडाच्या जागी तो डागच येतो. माझी मुलगी ना ती? मला तिचं तोंड आठवू नये?"

खरं सांगतो, इतकी वर्षं मी ताठ होतो. माझा काय दोष, हे माझं पालुपद. पण त्या दिवशी डब्यात मला पडून राहवेना. फिल्मवर बसलो ते बसलो, बाईच्या डोक्यातसुद्धा जाऊन बसलो होतो मी.

धाकटीने आधी सोपी वाट पाहिली. कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करून देणारा एक जण ओळखीचा होता. त्याने माझ्या जागी एक गोबरं, हसरं, टपोऱ्या डोळ्यांचं बाळ बसवून दिलं. आईने चष्मा लावून ते निरखलं. "गोड आहे हो," म्हणाली. "कुणाचं?"

मग धाकटीने डबा उघडला.

"आई, फिल्म जुनी झालीय. कडेला थर सुटायला लागलाय. औषधात घातली की आधी सगळंच जाणार, तू, ती, सगळं. परत येईल याची मी खात्री देत नाही. बाबांनाही धीर झाला नव्हता."

"त्यांना धीर झाला नव्हता?" आई चमकली. "मला वाटायचं, त्यांना त्याचं काही वाटतच नाही."

"वर्षानुवर्षं औषध कालवायचे आणि ओतून द्यायचे. मी बघायची ना."

आईने डब्यातल्या पाकिटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घाल. गेलं तर गेलं. ठेवून तरी मला काय दिसतंय?"

बापाचा एक नियम होता: औषध देण्याआधी रोग्याचा फोटो काढून ठेव. म्हणजे धुण्याआधी फिल्म जशी आहे तशी, डागासकट, कागदावर छापून ठेवायची. पुढेमागे काही झालंच तर तेवढं तरी राहतं. धाकटीने तसं केलं. तो कागद ओला होता, म्हणून तिने बेसिनवरच्या दोरीला चिमट्याने अडकवला.

तोच मी. आलं लक्षात? आता तुमच्याशी बोलतोय तो फिल्मवरचा तपकिरी डाग नव्हे, कागदावरचा हा पांढरा धब्बा. खाली ट्रेमध्ये मीच पडलो होतो आणि वर दोरीला लटकून मीच बघत होतो. स्वतःचा शेवट असा निवांत बघायला मिळतो का कुणाला?

या कामाला अंधार लागत नाही, उलट उजेड लागतो. धाकटीने मोठा दिवा लावला आणि दार सताड उघडलं. आई उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"ये ना आत. दिवा चालू आहे."

आईने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. खोलीभर नजर फिरवली. खिळ्यावरच्या टॉवेलला हात लावला, त्याची घडी सारखी केली. मग स्टुलावर बसली, पूर्वी बसायची तिथेच.

फिल्म आधी थर कडक करणाऱ्या औषधात भिजली, धुतली गेली आणि मग जांभळ्या पाण्यात उतरली. धाकटी डोळ्यांत तेल घालून बघत होती. ट्रे हलकेच डोलवत होती, तोंडाने काहीतरी मोजत होती. माझे काठ आधी विरले. मग पडदा गेला, खुर्ची गेली, आई गेली. सगळी फिल्म गढूळ, तपकिरी झाली. दुखलं म्हणाल तर नाही. डोळ्यावर झापड यावी तसं काहीसं.

आता फिल्म पुढच्या पाण्यात घालायची, म्हणजे तो गढूळपणा निघून जातो. हे पाणी नेहमी पांढऱ्या ट्रेमध्ये करायचं, तळ स्वच्छ दिसावा म्हणून. हाही बापाचाच नियम. पण धाकटीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पांढऱ्या ट्रेमध्ये तिने डेव्हलपर ओतून ठेवला होता आणि हे पाणी काळ्या ट्रेमध्ये. चूक ध्यानात आली तेव्हा फिल्म चिमट्यात होती. आता बदलायला वेळ नव्हता. तिने ती तशीच काळ्या ट्रेमध्ये सोडली आणि डोळे मिटून घेतले. कोरी झालेली फिल्म तिला बघवेना.

"गेलं सगळं?" आईने विचारलं.

धाकटीने डोळे उघडले नाहीत.

आई गुडघ्यावर हात देऊन उठली. बेसिनला टेकून तिने ट्रेमध्ये वाकून पाहिलं. तपकिरी गढूळपणा हळूहळू निघून जात होता. खाली दुधासारखी पांढुरकी फिल्म, आणि तिच्याखाली ट्रेचा काळा तळ.

"अगं," आई म्हणाली, "ही दिसतेय की."

"कोण?"

"कोण काय? थोरली! बघ ना!"

धाकटीने डोळे उघडले. आणि खरंच, काळ्या तळावर ते दुधट चित्र सुलटं दिसत होतं. जे उजळ असायला हवं ते पांढरं, जे गडद असायला हवं तिथून तळ काळा. पांढऱ्या ट्रेमध्ये दुधावर दूध, तिथे कुणाला काय दिसणार? बापालाही आयुष्यभर दिसलं नव्हतं. झबलं होतं, मुठी होत्या, निसटलेला मोजा होता. आणि तोंड होतं. अख्खं.

आईने चष्मा पुसला, पुन्हा लावला. नाक पाण्याला लागेल इतकी खाली वाकली.

"ही तर जांभई देतेय!"

देत होती. भली थोरली जांभई. डोळे घट्ट मिटलेले, नाक आकसलेलं, तोंडाचा मोठा आ आणि त्यात खालचा एकुलता एक दात. झोपेची वेळ झाली होती ना तिची. बाप खुळखुळा वाजवतोय आणि बाईसाहेब जांभया देताहेत.

आई हसायला लागली. हसता हसता तिला बेसिनचा आधार घ्यावा लागला. "म्हणून म्हणाले फुकट गेला! मला कुठून दिसणार? माझ्याकडे पाठ होती तिची." आणि मग तिचा आवाज बदलला. "अहो वेड्या माणसा, पोरीने जांभई दिली म्हणून फोटो फुकट जातो होय?"

ती रडत होती. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला, ओला, न पुसलेला.

"एकदा सांगायचं तरी त्यांनी," आई म्हणाली.

"तू विचारलंस का कधी?"

आईने डोळे पुसले. "विचारलं होतं. घंटा वाजली. त्यानंतर विचारलं ते फक्त डागाचं."

थोड्या वेळाने धाकटी म्हणाली, "आई, आता पुढचं करायला हवं. अशीच ठेवली तर उजेडाने हळूहळू काळी पडेल. फिल्म पुन्हा उलटी होईल, पण फोटो छापता येईल."

"जरा थांब. असाच दात होता बघ. मला चावायची त्या दाताने."

धाकटी थांबली. आई बघत राहिली. मग स्वतःच मागे सरून म्हणाली, "कर आता."

डेव्हलपरमध्ये फिल्म भराभर काळी झाली. खुर्ची आली, पडदा आला, आई आली, थोरली आली. मी आलो नाही. धाकटीने फिल्म दिव्यासमोर धरली, भिंगाने इंच न् इंच बघितली. कडेला जरासा थर सुटला होता. बाकी सगळं जागच्या जागी. मला वाईट वाटलं का? वाटलं हो, खोटं कशाला बोलू? पण ती जांभई आता मला एकट्यालाच ठाऊक राहिली नव्हती आणि त्याने मोकळं मोकळंही वाटलं.

फोटो छापला, वाळला, घरी गेला. जुनी चौकट होती, तिच्यात तो ढिला बसू लागला. मागे काहीतरी जाड घालायला हवं होतं. धाकटी पुठ्ठा शोधत होती.

"तो दोरीवरचा कागद घाल की," आई म्हणाली.

"डागाचा? तो कशाला? मी टाकणार होते."

"टाकू नकोस. त्यांचा अंगठा आहे तो. राहू दे तिच्या पाठीशी."

तेव्हापासून मी इथे आहे. बैठकीच्या खोलीत, भिंतीवर, थोरलीच्या तोंडाच्या बरोब्बर मागे. पुन्हा अंधारातच म्हणा. पण आता मी कुणाच्या आड येत नाही. तिला मागून धरून आहे.

जांभई ही मोठी सांसर्गिक चीज आहे, हे मला इथे येऊन कळलं. आलेलं माणूस फोटोकडे बघतं, "अगं बाई!" म्हणून हसतं आणि पुढच्या क्षणी स्वतःच आ वासतं. परवा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस तीनदा जांभया देऊन गेला. धाकटी म्हणते, "आई, हा फोटो आतल्या खोलीत लाव. पाहुणे इथेच झोपायचे." आई ऐकत नाही.

माझं मागणं फार नाही. फिल्म असो नाहीतर दुसरं काही, आपल्या माणसाचं असेल तर हातात घेण्याआधी हात पुसा. आणि एखादी गोष्ट फुकट गेली असं म्हणालात, तर का गेली तेही त्याच बैठकीत सांगून टाका. दारावरची घंटा वाजली तरी. गिऱ्हाईक थांबतं हो.

आत्ता दुपार आहे. आई समोरच्या खुर्चीत येऊन बसली आहे. थोरलीकडे बघून तिने मोठी जांभई दिली. "झोप आली होय गं तुला?" म्हणाली. "मलाही आली." आणि मान खुर्चीला टेकून डोळे मिटले. आता तिला डोळे मिटले तरी दिसते ती. बस, मी इथेच थांबतो. माझ्या आवाजाने कुणी जागं व्हायला नको.